हाकेची चौकशी

बुधवार, ४

दोन दिवस वहीला हात लावला नाही. आज लावतो, कारण उद्यापरवा कोणीतरी विचारणारच, आणि तोवर माझ्या डोक्यात सगळं सरमिसळ झालेलं असेल.

सोमवारी सकाळी सव्वादहाला यार्डात पाइप झुलला आणि तुऱ्याचा डावा पाय पाइप आणि थप्पी यांच्यामध्ये सापडला. नऊशे मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप, पट्ट्यात बांधलेला, जमिनीपासून गुडघाभर वर. घोटा चुरला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाय राहील म्हणतात, पण पूर्वीसारखा चालेल असं कोणी म्हणत नाही.

तुऱ्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. डोक्यावर केसांचा एक झुबका कायम उभा, पाणी लावा नाहीतर तेल, म्हणून यार्डात त्याला सगळे तुऱ्या म्हणतात. लग्नानंतर तेच नाव घरी आलं. माझी आईसुद्धा जावयाला तुऱ्या म्हणते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच माझा त्याच्यावरचा राग.

मी बावटेवाला. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये असतो, त्याला खालचं अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं मी बघतो आणि त्याला बावटा दाखवतो. गळ्यात शिट्टी असते ती वरच्यासाठी. खालच्या माणसांसाठी तोंड. एकोणीस वर्षं हे करतोय, आणि माझ्या बावट्याखाली कोणाला ओरखडा आला नव्हता.

शिट्टी वाजवली होती. वरच्याने क्रेन थांबवली होती. पण थांबवलेला पाइप झुलतच राहतो, तो काही ब्रेक दाबला म्हणून थांबत नाही. त्याआधी मी हाक मारली होती. वेळेवर मारली होती.

शुक्रवार, ६

सुरक्षाबाईंनी बोलावलं. त्या यार्डाच्या सुरक्षा अधिकारी, आठ महिन्यांपूर्वी आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलताना नजर हलवत नाहीत. बुधवारी, अठरा तारखेला, चौकशी समिती बसणार आहे. त्यांनी सरळ सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. समितीला एकच ठरवायचं आहे, तुऱ्याला सूचना मिळाली होती की नाही. नीट सूचना मिळूनही तो हलला नसेल, तर चूक त्याची, आणि मग त्याला यार्डात परत घेता येणार नाही, बसून करायच्या कामावरसुद्धा नाही. सूचना नीट मिळाली नसेल, तर चूक बावटेवाल्याची. मग बावटा माझ्या हातून जाईल.

"म्हणजे दोघांपैकी एक," मी म्हटलं.

"दोघांपैकी एकाला निवडायला नाही बसत समिती. काय झालं ते बघायला बसते," त्या म्हणाल्या.

जबाब लिहून दिला. 'पाइप झुलताना दिसताच मोठ्याने ओ अशी हाक दिली.' त्यांनी दोनदा वाचला आणि खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यात जुने. एक काम करा. यार्डात धोक्याच्या वेळी कोण काय ओरडतं त्याचं टिपण द्या. कोणी अरे म्हणतं, कोणी ए म्हणतं, कोणी काहीच्या काही. मला एकच हाक ठरवून भिंतीवर लावायची आहे. तिचा अर्थ काय, ती कुठून आली, लोक तिला का वळतात किंवा का वळत नाहीत, सगळं लिहा."

मला बरं वाटलं. ज्याच्यावर संशय असतो त्याला कोणी टिपण लिहायला सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर मला असल्या गोष्टींची आवड आहे. दुसरा कोणी असता तर वेठ म्हणाला असता.

शनिवार, ७

सुरुवात घरापासून केली. बायकोला विचारलं, "तू मला हाक कशी मारतेस?"

"हे काय आता? अहो म्हणते."

"आणि मी वळतो?"

"दुसऱ्या वेळी वळता. पहिल्या वेळी पेपर वाचता."

तिचं म्हणणं असं, की अहो घरात चालतं, कारण घरात अहो एकच आहे. रस्त्यात अहो म्हटलं की सात पुरुष वळतात आणि सातही जण 'मी नव्हे' म्हणून पुढे जातात. याचा तिला अनुभव आहे. बाजारात एकदा ती मागे पडली आणि मी पुढे चालत राहिलो. तिने चार वेळा अहो म्हटलं. पाचव्यांदा तिने माझं नाव घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि मी जागच्या जागी खांबासारखा उभा राहिलो. "घाबरलात तुम्ही," ती हसत म्हणाली. "वाटलं असेल, काहीतरी झालंय."

हे टिपणात घेण्यासारखं आहे. बाजाराचा उल्लेख गाळून.

दुपारी पलीकडच्या घरातल्या भाषेच्या बाईंकडे गेलो. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. त्यांच्याकडे शब्दकोशाचे सात खंड आहेत आणि घरात फर्निचर म्हणण्यासारखं तेवढंच. त्यांनी सांगितलं, अहो संस्कृतातही आहे, पण तिथे बहुतेक वेळा ते आश्चर्याने म्हणतात, काहीतरी अचाट दिसल्यावर. आपण ते नवऱ्याला आणि दुकानदाराला म्हणायला लागलो. "दोघंही अचाटच असतात म्हणा," बाई म्हणाल्या. अरेही जुनं आहे, त्यात जवळीक आहे आणि थोडी दमदाटीपण, काय वाटायचं ते ऐकणाऱ्यावर. ए तर नुसता श्वास आहे, त्याला मूळ असेलच असं नाही, मुलं बोलायच्या आधी ए म्हणतात. कोणता आवाज कुठून आला याबद्दल मोठ्या विद्वानांचंही एकमत नाही, त्यामुळे टिपणात 'असे दिसते' असं लिहा, असा त्यांनी सल्ला दिला.

मग मी विचारलं, "आणि ओ?"

"ओ ही खरं तर हाक नाहीच हो. आपण हाकेला ओ देतो. कोणीतरी नाव घेतं, आणि आपण म्हणतो, ओ. आधी हाक, मग ओ. नुसताच ओ म्हणजे कोणी बोलावलं नसताना दिलेलं उत्तर."

"पण लोक ओरडतात की, ओ म्हणून."

"ओरडतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याला."

त्यांनी चष्मा पुसला. मी उठलो. चहा तसाच राहिला याबद्दल नंतर बायकोने मला सुनावलं.

टिपण साडेतीन पानं झालं. यार्डातल्या जुन्या मुकादमाचं म्हणणं त्यात घातलेलं नाही. तो कधी लेखी नियम नव्हता, आणि मुकादम जाऊन आता सहा वर्षं झाली.

मंगळवार, १०

टिपण काल दिलं. सुरक्षाबाईंनी 'छान' म्हटलं.

आज दवाखान्यात गेलो. इतके दिवस गेलो नव्हतो, कारण तुऱ्या आणि मी बोलत नव्हतो. अपघाताच्या आधी सतरा दिवसांपासून. कारण लिहितो, नाहीतर ही वही कोणासाठी आहे? आई धाकटीकडे राहते. मागच्या महिन्यात शेडमध्ये चहा चालला होता. सगळे बसलेले, तेव्हा तुऱ्या सहज म्हणाला, "दादा, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दोनदा आलात. दोन्ही वेळा घड्याळ बघत होतात." सगळे हसले. तोही हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी वयाने मोठा, नात्याने मोठा, कामात मोठा. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कामात बोलायची वेळ आलीच तर मी हवेकडे बघून म्हणायचो, "कोणीतरी पट्टा सैल करा." आणि तो पट्टा सैल करायचा. यार्डातल्या लोकांनाही त्याची सवय झाली. मजाही वाटायची त्यांना. मिक्सरवाला तर मुद्दाम विचारायचा, "कोणीतरी म्हणजे कोण हो?"

दवाखान्यात धाकटी औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. तुऱ्याचा पाय उशीवर, चेहरा पिवळट, केसांचा झुबका मात्र उभाच. मी खुर्चीवर बसलो. कोणी आधी बोलायचं हा प्रश्न तिथेही होताच. त्याने सोडवला.

"दादा, हाक ऐकली मी. काल सुरक्षाबाई आल्या होत्या, त्यांना तसंच सांगितलं. हाक ऐकली आणि वळलो नाही."

"का नाही वळलास?"

"आवाज तुमचा होता."

"मग?"

"मग वाटलं, माझ्यासाठी नसेल."

तेवढ्यात धाकटी आली. तिने मला बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं आलास, दादा." डोळे सुजलेले होते तिचे.

परत येताना मी हिशेब लावत होतो. हाक ऐकू गेली होती, हे त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे माझ्या बाजूने काही राहिलं नाही. मी वेळेवर ओरडलो, त्याने ऐकलं, तो हलला नाही. समितीला आणखी काय हवं? नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेवण पोटात राहिलं नाही. तेल बदललंय का, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, नाही.

बुधवार, ११

क्रेनवाल्याने आज डबा खाताना माझ्या शेजारची जागा धरली. एरवी तो वर केबिनमध्येच जेवतो. बारा वर्षं आमची जोडी आहे, बावटा माझा, दांडा त्याचा. बोलायला फार नाही तो.

"पुढच्या बुधवारी मला पण बोलावलंय," तो म्हणाला.

"सांग काय दिसलं ते."

"वरून माणसांचे चेहरे नीट दिसतात, माहितेय ना तुला? खालून वाटत नाही, पण दिसतात." त्याने डब्याचं झाकण लावलं. "तू तोंड उघडलंस. मग मिटलंस. मग पुन्हा उघडलंस."

मी म्हटलं, "ऊन डोळ्यावर असेल तुझ्या."

"असेल. मला विचारतील तेवढंच सांगणार आहे मी. पण विचारलं तर खोटं नाही सांगणार. लेकरं आहेत मला. त्याच पाइपाखालून मी पण चालतो रोज."

तो शिडीने वर गेला. दुपारभर मी बावटा दाखवत होतो आणि तो ऐकत होता, बारा वर्षांसारखंच. पण दर वेळी बावटा वर नेताना वाटायचं, तो माझ्या तोंडाकडे बघतोय.

शुक्रवार, १३

आज यार्डात परीक्षा झाली, हाकांची. कल्पना सुरक्षाबाईंची. काम अर्धा तास थांबवलं, मिक्सर मात्र चालू ठेवला, खऱ्यासारखा आवाज राहावा म्हणून. पंधरा माणसं पाठ करून उभी केली, कोण कोणत्या हाकेला काय करतो ते बाई लिहून घेणार. हाका मारायच्या मी.

ए म्हटलं, तेरा जण वळले. कोणी जागचा हलला नाही, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. अरे म्हटलं, नऊ वळले, त्यातल्या दोघांनी मला उलट 'काय रे' केलं. अहोला फक्त भांडारवाला वळला आणि लाजला. खूप हशा झाला. मग ओ. तिघं वळले, सावकाश, कोणाचं तरी काहीतरी असेल असे.

"त्या दिवशी मारलीत तशीच मारली ना आत्ता?" बाईंनी विचारलं.

"तशीच."

मग मिक्सरवाल्याला राहवलं नाही. "मॅडम, हे सगळं कशाला? नावानं हाक मारा की. जुना मुकादम पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. आधी नाव, मग काम. तुऱ्या, मागे! असं. नाव घेतलं की माणूस आधी हलतो, मग वळतो." आणि माझ्याकडे बोट दाखवून, अगदी कौतुकाने, "यांनीच तर शिकवलं आम्हाला. मुकादमानंतर यांनीच."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मिक्सर घरघरत होता.

"ही पद्धत तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"टिपणात नाही."

"राहून गेलं."

त्यांनी 'राहून गेलं' हे शब्द लिहिले. मी बघितलं, तेच शब्द लिहिले. मग त्यांनी मला पंधराजणांतल्या एकाचं नाव घ्यायला सांगितलं, कोणाचंही. मी भांडारवाल्याचं घेतलं आणि 'मागे' म्हटलं. तो एवढ्या चपळाईने मागे उडाला की पाठीमागच्या ढकलगाडीवर आपटला. कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर बायकोने दोनदा अहो म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही.

रविवार, १५

आईला भेटायला गेलो. शेवटचा कधी गेलो होतो ते आठवेना, आणि आईला बरोबर आठवत होतं. तिने तारीख सांगितली, तीही तक्रार म्हणून नव्हे, नुसतीच, कॅलेंडर वाचून दाखवावं तशी.

धाकटी दवाखान्यात होती. घरात आम्ही दोघं. आई खिडकीशी बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "तुऱ्याला यार्डात परत घेतील ना रे?"

"बघू. बुधवारी ठरेल."

"धाकटी म्हणते, त्यानं स्वतःच लिहून दिलंय, माझी चूक म्हणून. असं कोणी देतं का लिहून? घरात बसला तर वेडा होईल तो. एक मिनिट स्वस्थ बसत नाही. माझे गुडघे दाबून देतो रोज, माहितेय तुला?"

माहीत नव्हतं.

"तू होतास ना तिथे? तू सांग त्यांना काय झालं ते. तुझं ऐकतील."

"सांगतो."

"आणि तुम्ही दोघं बोलता ना धड? धाकटीला विचारलं तर ती काही सांगत नाही."

मी म्हटलं, बोलतो. मंगळवारीच बोललो की. खोटं नव्हतं ते. माझ्या लक्षात आलं की मी हल्ली सगळी उत्तरं अशीच देतोय, खोटं नाही एवढंच बघून. आईने भाजीची टोपली बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. मनगटावर घड्याळ होतं. मी ते एकदाही बघितलं नव्हतं आज, पण तिला ते कसं कळणार.

सोमवार, १६

कोणी बघत नाही. ही वही कपाटात माझ्या जुन्या बुटांच्या खोक्यात असते. तरी इथेसुद्धा मी चार तारखेला 'वेळेवर मारली होती' असं लिहिलंय. ते कोणाला सांगत होतो?

आता लिहितो.

पाइप थप्पीवरून उचलताना पट्टा एका बाजूला सरकला. मी पाहिलं. तुऱ्या पाठमोरा, थप्पीची साखळी सोडवत होता. एकोणीस वर्षांच्या सवयीने त्याचं नाव तोंडात आलं. आलं, जिभेवर होतं. आणि मी ते गिळलं. का, तर सतरा दिवस मी त्याचं नाव घेतलेलं नव्हतं. सगळे तिथे होते. मी आधी बोललो असतो. मिक्सरवाला हसला असता. एवढंच होतं कारण, याहून मोठं काही नव्हतं, मी खूप शोधलं. मग मी ओ म्हणून ओरडलो, हवेकडे बघून, सतरा दिवस ओरडत होतो तसं. आणि तो वळला नाही, कारण सतरा दिवस मीच त्याला शिकवलं होतं की माझा आवाज त्याच्यासाठी नसतो.

शब्दाचा दोष नव्हता. साडेतीन पानं लिहिली मी शब्दावर.

आणि त्याने लिहून दिलंय, हाक ऐकली, वळलो नाही. पुढचं अर्धं त्याने बाईंना सांगितलं नाही. मला सांगितलं. मी बुधवारी गप्प बसलो तरी चालेल. क्रेनवाल्याला कोणी तोंडाबद्दल विचारणार नाही, तसा प्रश्न कोणाला सुचणारच नाही. माझा बावटा राहील. भीती वाटते ती याचीच, की हे इतकं सोपं आहे.

बुधवार, १८

समिती कार्यालयाच्या मोठ्या खोलीत बसली. तिघं जण. सुरक्षाबाई, यार्डाचे साहेब आणि बाहेरून आलेले एक इंजिनिअर, त्यांना सारखा खोकला येत होता. आधी क्रेनवाल्याला आत घेतलं. पाच मिनिटांत बाहेर आला. माझ्यासमोरून गेला तेव्हा मान हलवली त्याने, म्हणजे विचारलं नाही.

मला बसायला सांगितलं. साहेबांनी तुऱ्याचा जबाब वाचला. मग माझा वाचला. म्हणाले, "दोन्ही जुळतात. हाक दिली गेली, ऐकली गेली, दुर्लक्ष झालं. तुम्हाला यात काही बदलायचं आहे?"

मी नाही म्हणणार होतो. खरंच. घरून निघालो तेव्हा ठरवलं होतं सांगायचं म्हणून, फाटकाशी आल्यावर ठरवलं नाही सांगायचं, जिन्यावर पुन्हा ठरवलं सांगायचं.

"बदलायचं आहे," मी म्हटलं. "यार्डात नावाने हाक मारायची पद्धत आहे. ती मीच शिकवतो. मी नाव घेतलं नाही."

"आठवलं नाही?"

"आठवलं. घेतलं नाही."

इंजिनिअरांचा खोकला थांबला. सुरक्षाबाईंनी विचारलं, "का?"

"मी त्याच्याशी बोलत नव्हतो."

मला वाटलं, हसतील. मोठी माणसं, मोठं यार्ड, आणि हे कारण. साहेब टेबलाकडे बघत होते. मग मी सगळं सांगितलं, चहाचं, घड्याळाचं, हवेकडे बघून बोलण्याचं. तुऱ्याने हाक का मानली नाही तेही सांगितलं. ती त्याच्यासाठी नव्हतीच, तो खोटं बोलला नाही, पण त्याची चूकही नाही, असं.

बाईंसमोर छापील अर्ज होता. कारण या शब्दापुढे चौकटी होत्या, यंत्राचा दोष, साहित्याचा दोष, प्रशिक्षणाचा अभाव, निष्काळजीपणा. त्यांचं पेन सगळ्यांवरून फिरलं आणि परत आलं.

"इथे काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. रागाने नव्हे, खरोखर विचारलं.

"राग लिहा," मी म्हटलं. "पाइप झुलताना पण मी रागावलेलो होतो."

त्यासाठी चौकट नव्हती. त्यांनी कडेला लिहिलं.

निकाल तासाभरात लागला. तुऱ्याला यार्डात परत घेणार, पाय बरा झाल्यावर, क्रेनच्या नोंदींच्या टेबलावर. माझा बावटा आजपासून बंद. उद्यापासून भांडारात. साहेब फक्त म्हणाले, "एकोणीस वर्षं." बावटा आणि शिट्टी टेबलावर ठेवून आलो.

गुरुवार, १९

यार्डातून सुटल्यावर सरळ धाकटीकडे गेलो. तुऱ्याला सकाळीच घरी आणलंय. तिला निकाल कळला होता, क्रेनवाल्याच्या बायकोकडून, आणि कारणही. तिने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"खरं आहे."

"किती वेळ होता तुझ्याकडे? नाव घ्यायला?"

"दोन सेकंद. कमीच."

"दोन सेकंद," ती म्हणाली. "एवढ्यात तुला ते सगळं आठवलं? चहा, घड्याळ, कोण हसलं ते?"

"आठवलं."

"मी नाही आठवले?"

ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी माझ्या पाठीमागे शाळेत यायची त्या मुलीच्या डोळ्यांनी. तिने ना आरडाओरडा केला ना ती रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तू आठवली नाहीस."

तिने बराच वेळ दाराची कडी हातात धरून ठेवली. आतून तुऱ्याने विचारलं, कोण आहे म्हणून. मग ती दारातून बाजूला झाली आणि मला आत जाऊ दिलं, पण ती स्वतः मागोमाग आली नाही, बाहेर पायरीवर जाऊन बसली. तुऱ्याजवळ थोडा वेळ बसून मी निघालो तेव्हाही ती तिथेच होती. मी शेजारून खाली उतरलो, तिने पाय आखडून मला वाट दिली.